ट्रकवाले रस्त्याच्या झिजेचे पैसे पुरेसे भरतात का?

साडेमाडेतीन (धागाकर्ता)

टोलनाक्यावरचा दरांचा बोर्ड वाचायची मला सवय आहे. फास्टॅग आल्यापासून तेवढा वेळ मिळत नाही, ती गोष्ट वेगळी. त्यावरून सुचलेला प्रश्न.

राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या फी नियमांत किलोमीटरमागचे मूळ दर दिलेत, २००७-०८ हे पायाभूत वर्ष धरून. कार ६५ पैसे, दोन अ‍ॅक्सलचा ट्रक किंवा बस (अ‍ॅक्सल म्हणजे चाकांना जोडणारा आडवा आस) २ रुपये २० पैसे, चार ते सहा अ‍ॅक्सलची गाडी ३ रुपये ४५ पैसे. दर वर्षागणिक वाढतात, आपसातलं प्रमाण तेच राहतं. म्हणजे साधा ट्रक कारच्या साडेतीनपटसुद्धा भरत नाही.

आता झीज बघा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे रस्ते बांधले आणि त्यांच्यावर लष्कराचे ड्रायव्हर बसवून ट्रक फिरवत ठेवले, रस्ते फुटेपर्यंत. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की झीज अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, झीज सोळापट. कारच्या एका अ‍ॅक्सलवर ६०० किलो धरू, ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर १०.२ टन. सतरापट वजन. सतराचा चौथा घात होतो ८३,५२१.

पैसे साडेतीनपट, झीज त्र्याऐंशी हजारपट. माझं म्हणणं सरळ आहे: रस्ता ट्रक फोडतात आणि बिल कारवाल्यांच्या माथी बसतं. कुणाला वेगळं वाटत असेल तर आकड्यांनिशी सांगा.

शून्य_मार्क

आकड्यांनिशी म्हणालात तिथेच आमचा पत्ता कट. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

परशुराम_घाट

मुंबई-गोवा महामार्गावर या. झीज मोजायला आधी रस्ता लागतो.

नीलमोहर

@परशुराम_घाट, पहिल्या पानावरच! हा उल्लेख किमान दहाव्या प्रतिसादापर्यंत रोखून धरायचा असा अलिखित नियम आहे ना?

घाटवाट

सायकलवाल्याचा चौथा घात काढून ठेवलाय का कुणी? मला परतावा हवाय.

बारा_टायर

आमचा तीन पिढ्यांचा ट्रकचा धंदा. साडेमाडेतीन साहेब, बिल तुमच्या माथी कुठे बसतं ते दाखवा बरं. २०१५ च्या १ जूनपासून राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला माफी मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही नाक्यांवर, वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, हलक्या गाड्यांचा टोल शून्य. मग त्या नाक्यांवर पैसे कोण भरतंय? आम्हीच. शून्याच्या किती पट ते तुम्हीच काढा, तुमचं गणित चांगलं आहे.

वर डिझेल. भरलेली दहाचाकी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते. तुमची कार पंधरा देत असेल. म्हणजे किलोमीटरमागे चौपट इंधन, त्यावरचा केंद्राचा कर, राज्याचा व्हॅट, रस्त्याचा सेस, सगळं चौपट. डिझेल जीएसटीत नसल्यामुळे त्यातलं काही वळतं करून मिळत नाही. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० वेगळे. राज्याचा टॅक्स, पासिंग, इन्शुरन्स वेगळा. पेट्रोल कारवाला एकदाच ११ ते १३ टक्के भरतो आणि पंधरा वर्षं मोकळा.

आणि हो, ट्रकमध्ये आम्ही हौस भरून नेत नाही. तुमचा कांदा, सिमेंट, फ्रिज असतो त्यात.

साडेमाडेतीन

@बारा_टायर, टोलमाफीचा मुद्दा रास्त आहे, पण ती राज्याच्या नाक्यांवर. राष्ट्रीय महामार्गांवर आम्ही भरतोच. आणि डिझेल चौपट म्हणजे कर चौपट. माझा प्रश्न हजारपटीचा आहे, तो तसाच राहिला.

डांबरट

धाग्याचा विषय बघून राहवलं नाही. रस्त्याच्या कामात आयुष्य गेलंय, आयडी त्यावरूनच (दुसऱ्या अर्थाबद्दल घरच्यांना विचारा).

चौथा घात खरा आहे आणि आपले अभियंतेही तोच वापरतात. डांबरी रस्ता डिझाइन करताना गाड्या मोजतच नाहीत, मोजतात ते प्रमाण-अ‍ॅक्सल. मागे जोडटायर असलेल्या अ‍ॅक्सलवर ८० किलोन्यूटन, म्हणजे सव्वाआठ टनांच्या जरा आत, हे एक एकक. 'हा रस्ता ५० एमएसए'चा म्हणजे आयुष्यभरात असे पाच कोटी अ‍ॅक्सल तो सोसेल. त्या हिशेबात कार धरतच नाहीत. तेवढ्यापुरतं धागाकर्त्याचं बरोबर.

पण 'रस्त्याचा खर्च' आणि 'झिजेचा खर्च' एक नव्हेत. जमीन, पूल, बोगदे, दुभाजक, उड्डाणपूल, दिवे हे सगळं वजनामुळे लागत नाही, गर्दीमुळे आणि वेगामुळे लागतं. सहा पदरी रस्ता का लागतो? पुणे-मुंबई मार्गावर शुक्रवारी संध्याकाळी बघा, त्या गर्दीत ट्रक किती असतात. दुसरं, ऊन आणि पाणी ट्रकची वाट बघत बसत नाहीत. उन्हाने डांबर जुनं होतं, कडक होतं, तडकतं. एकही ट्रक गेला नाही तरी ठराविक वर्षांनी वरचा थर बदलावाच लागतो.

तिसरं म्हणजे जाडी. वाहतूक दहापट झाली म्हणून जाडी दहापट लागत नाही, थोडी वाढवली तरी पुरते. म्हणून जाड रस्त्यावर एका ट्रकमुळे होणारं नुकसान रुपयांत मोजलं तर फार निघत नाही. तोच ट्रक पातळ रस्त्यावर घाला. मग बघा.

ऊसकरी

@डांबरट साहेब, शेवटची ओळ आमच्यासाठीच लिहिलीत. कारखाना चालू झाला की आमच्या गावचा रस्ता दोन महिन्यांत गायब. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उंच बांधलेला ऊस, मागच्या ट्रॉलीची चाकं साईडपट्टीवरून. आधी कडा तुटते, मग पाणी आत जातं, मग रस्ता मधूनच खचतो. खाली काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात लोणी.

आता यात टोल कुठे आला? गावच्या रस्त्याला नाका नाही, आणि शेतीचा ट्रॅक्टर हायवेलाही बहुतेक ठिकाणी फुकटच जातो. आणि मी स्वतः ऊस घालणारा, तक्रार कुणाकडे करू? माझाच ऊस, माझाच रस्ता, माझंच कंबरडं.

निवृत्त_ओव्हरसियर

ऊसकरी, तुमचा रस्ता बहुधा अडीच-तीन दशकांपूर्वी खडीकरणाचा असेल, वर कधीतरी कार्पेट (डांबराचा पातळ थर) आलं असेल. ग्रामसडक योजनेतले रस्ते (योजना डिसेंबर २००० ची) तर कमी वाहतुकीसाठीच असतात. दिवसाला थोड्या गाड्या, त्यात मोजके जड. त्यावर हंगामात भरलेल्या ट्रॉल्या आणि हायवा (मोठे टिपर) सोडल्या की दहा वर्षांचं आयुष्य दोन वर्षांत उरकतं. ठेकेदाराला शिव्या बसतात, काही वेळा त्या योग्यही असतात.

पूर्वी बैलगाडीच्या लोखंडी धावेने खडीचं पीठ व्हायचं. वजन कमी, पण धाव दोन बोटं रुंद, सगळा भार तेवढ्याशा पट्टीवर. टायरच्या गाड्या आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो.

शून्य_मार्क

काका, म्हणजे बैलाचाही चौथा घात?

निवृत्त_ओव्हरसियर

बैल निर्दोष आहे. त्याचं नाव घेऊ नये.

कुडचडेकर

गोव्यातला अनुभव सांगतो, कारण हा प्रश्न आमच्याकडे पैशांत मोजून झालाय. २०१२ मध्ये खाणी बंद होण्याआधी सांगे, केपे, सावर्डे, कुडचडे या भागातल्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रांग तुटत नसे. खाणीपासून नदीकाठच्या जेटीपर्यंत ट्रक, तिथून बार्जने बंदरात. मधला तो थोडासा रस्ता, तोच सगळ्यांच्या घरापुढून जाणारा. ट्रकवाल्याला ट्रिपमागे पैसे, त्यामुळे जो तो पळवायचा. उन्हाळ्यात धूळ इतकी की दोरीवर सुकत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी तांबडे.

२००० साली ग्रामीण सुधारणा आणि कल्याण सेस म्हणून कायदा झाला. खनिज, कोळसा असा माल रस्त्याने नेणाऱ्याकडून वसुली. कल्पना चांगली. मला विचाराल तर पैशांपेक्षा स्वतंत्र रस्त्याची मागणी जास्त जुनी आणि जास्त खरी होती. ज्याच्या दारातून ट्रक जातो त्याला सेसची पावती दाखवून काय उपयोग?

अवांतर: खाणी बंद झाल्यावर ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते चालूच. रस्ते चांगले झाले, घरं अडचणीत आली. दोन्ही एकाच गावात पाहिलंय.

नीलमोहर

@कुडचडेकर, शेवटचं वाक्य फार लागलं.

बारा_टायर दादा, एक बाळबोध प्रश्न. ओव्हरलोड का करता? दंड तर बराच आहे ना?

बारा_टायर

ताई, बाळबोध नाही, मुळाचा प्रश्न आहे. वाळूचं उदाहरण घ्या. वाळू ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ओली असेल तर वजन साडेचार टनांच्या पुढेच. दहाचाकी टिपरचं पासिंग (मालासकट मंजूर वजन) २८.५ टन, रिकामी गाडी दहा-साडेदहा टन. म्हणजे कायद्याने चार ब्रास. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "सहा ब्रासचा काय रेट?" चार ब्रासचा रेट विचारणारा मला अजून भेटायचाय.

मग फाळके (बाजूच्या फळ्या) वाढवायचे, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवायचे आणि निघायचं. मी नाही म्हटलं तर मागे उभा असलेला हो म्हणतो. भाडं टनावर ठरतं, टोल आणि डिझेल गाडीवर. अंडरलोड (मर्यादेत) चालणारा महिन्याचा हप्ता भरू शकत नाही हे साधं गणित आहे.

दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या सप्टेंबरपासून कलम १९४ खाली २० हजार आणि जादा टनामागे २ हजार. आधी २ हजार आणि टनामागे १ हजार होता. दंड वाढला तशी 'एन्ट्री' वाढली. एन्ट्री म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहीत असेल. नसेल तर कुठल्याही ढाब्यावर विचारा, रेटसकट सांगतील.

साडेमाडेतीन

म्हणजे तुम्हीच सांगताय की चार ब्रासच्या गाडीत सहा जातात. यात माझा मुद्दा सिद्ध होत नाही का?

डांबरट

होतो, पण तुम्ही मांडलात तसा नाही. करून बघू.

चार ब्रासला दहाचाकीच्या मागच्या जोड-अ‍ॅक्सलवर २१ टनांच्या आसपास येतात, तीच कायदेशीर मर्यादा. सहा ब्रासला एकूण वजन ३७-३८ टन, मागे ३० टन धरू. ३० भागिले २१, त्याचा चौथा घात, चारच्या थोडा वर. माल दीडपट, नुकसान चौपट. टोल दोन्ही वेळा सारखा. रस्त्याचं वाटोळं कायद्यात राहून चालणारा ट्रक करत नाही, हा वरचा दोन ब्रासचा ढीग करतो.

त्यात घाट असेल तर आणखी वाईट. डांबर हे सावकाश दाबलं की जास्त दबतं. चढावर भरलेली गाडी दहा-पंधराच्या वेगाने रांगते, त्यामुळे चढाच्या डाव्या पदरात चाकोऱ्या पडलेल्या दिसतात आणि उताराच्या बाजूला तोच रस्ता गुळगुळीत. सिग्नलपाशी, नाक्याच्या आधी, सगळीकडे हेच. दुचाकीवाल्यांनो, पावसात त्या चाकोरीत पाणी साठतं, सांभाळून.

घाटवाट

चाकोरीबद्ध जीवन म्हणतात ते हेच का!

(हलके घ्या. पण चाकोऱ्यांबद्दल अगदी खरं. सायकलचं पुढचं चाक एकदा आत गेलं की बाहेर काढताना देव आठवतो.)

वर्‍हाडी_ठेचा

दंड-एन्ट्रीचं सोडा, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं ना, का दंड भरून ओव्हरलोड गाडी पुढं नेता येत नाही, जादा माल उतरवाच लागते. त्याआधी काही राज्यांत चक्क पैसे भरून ओव्हरलोडचे पास भेटत. कागदावर सगळं आहे हो. उतरवलेला माल ठेवायचा कुठं, राखायचा कुणी, इथं गाडी अडते. काट्याशेजारी गोदाम कुठं पाह्यलं का तुम्ही?

आणि कायद्यात चालवणारा आन् चालवायला लावणारा, दोघंही येतात. पण माल भरून देणाऱ्यावर चलान फाडलेलं मी तरी ऐकलं नाही.

बारा_टायर

@वर्‍हाडी_ठेचा, शंभर टक्के. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) माल देणाऱ्याची सही असते, वजनही असतं. पण चलान गाडी नंबरवर.

ऑकलंडकर

न्यूझीलंडमधून. इकडे १९७८ पासून वेगळी पद्धत आहे. डिझेलवर रस्त्याचा कर जवळजवळ नाहीच, त्याऐवजी डिझेल गाडीला किलोमीटर आगाऊ विकत घ्यावे लागतात, हजाराच्या पटीत. त्याचं लेबल काचेवर लावायचं. जड ट्रकच्या चाकाला अंतर मोजणारं यंत्र बसवलेलं असतं. दर ठरतो गाडीचं वजन आणि अ‍ॅक्सल यांवर. गंमत अशी की त्याच वजनाला अ‍ॅक्सल जास्त असतील तर दर कमी. कारण उघड आहे, वजन विभागलं जातं. एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक कारसुद्धा यात आल्या, तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळं आलबेल आहे असं नाही. ट्रकवाले म्हणतात जास्त घेता, कारवाले म्हणतात कमी घेता. पण भांडण निदान वजनावर होतं.

आल्प्सचा_वारा

स्वित्झर्लंडमध्ये २००१ पासून जड गाड्यांना टन-किलोमीटरवर आकार आहे आणि त्यातला मोठा हिस्सा रेल्वेच्या बोगद्यांना गेला. फक्त तो प्रत्यक्ष वजनावर नसून परवानगी असलेल्या कमाल वजनावर आहे. गाडी रिकामी आली तरी तेवढाच.

डांबरट

@ऑकलंडकर, 'अ‍ॅक्सल जास्त तर दर कमी' हे वाक्य अधोरेखित करा कुणीतरी. आपल्याकडे नेमकं उलटं आहे आणि या धाग्यात अजून कुणी त्यावर बोट ठेवलं नाही.

२०१८ च्या जुलैत केंद्राने अ‍ॅक्सलच्या मर्यादा वाढवल्या. सहाचाकी ट्रकचं पासिंग १६.२ वरून १८.५ टन, मागचा अ‍ॅक्सल १०.२ वरून ११.५. वजन वाढलं पावणेतेरा टक्के, त्या अ‍ॅक्सलची झीज वाढली ६२ टक्के. कायदेशीरपणे. कारण असं दिलं की मालवाहतुकीचा खर्च कमी होईल आणि ओव्हरलोडही घटेल.

आता पूर्ण भरलेला सहाचाकी प्रमाण-अ‍ॅक्सलच्या हिशेबात पाचाच्या जरा वर येतो. पूर्ण भरलेला दहाचाकी, २८.५ टनांचा, तोही पाचाच्याच आसपास, कारण मागचं वजन दोन अ‍ॅक्सलवर वाटलं गेलं. पण माल किती? सहाचाकीत अंदाजे १२ टन, दहाचाकीत १८. नुकसान सारखं, माल दीडपट. रस्त्याच्या दृष्टीने दहाचाकी गुणी मुलगा.

आणि टोल? मुंबई-पुणे द्रुतगतीवर एप्रिल २०२३ ला वाढले ते दर बघा: कार ३२०, दोन अ‍ॅक्सलचा ट्रक (सहाचाकी) ६८५, तीन अ‍ॅक्सलचा (दहाचाकी) १,६३०. गुणी मुलाला जवळजवळ अडीचपट. राष्ट्रीय महामार्गावर फरक कमी आहे, २.२० ला २.४०, पण दिशा तीच. आपण अ‍ॅक्सलवर कर लावतो. लावायला हवा होता अ‍ॅक्सलवरच्या वजनावर.

नीलमोहर

थांबा, त्याच बोर्डावर बसचा दर काय आहे?

डांबरट

९४०.

नीलमोहर

म्हणजे चाळीस माणसं घेऊन जाणारी बस सिमेंट नेणाऱ्या ट्रकपेक्षा अडीचशे रुपये जास्त भरते?? आणि त्याच चाळीस माणसांनी चाळीस गाड्या काढल्या तर ट्रॅफिक जॅमचा व्हिडिओ व्हायरल. धन्य.

शून्य_मार्क

लालपरीवर अन्याय सहन केला जाणार नाही. जाहीर निषेध.

साडेमाडेतीन

@डांबरट, एक शंका. द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. तिथे चौथा घात लागू होतो का?

डांबरट

चांगला प्रश्न. जसाच्या तसा नाही. काँक्रीटचा स्लॅब वाकतो आणि थकतो. वजनाने येणारा ताण स्लॅबच्या ताकदीच्या ०.४५ पटीच्या आत असेल तर आपल्या संहितेप्रमाणे कितीही फेऱ्या चालतील. त्यापुढे मात्र फेऱ्यांची संख्या झपाट्याने घसरते. म्हणजे काँक्रीटवर कायद्यातला ट्रक जवळजवळ निरुपद्रवी आणि ओव्हरलोडवाला आणखीच महाग. माझा मुद्दा उलट पक्का होतो.

वर्‍हाडी_ठेचा

काँक्रीटवरून आठवलं. समृद्धीचं काम चालू होतं तेव्हा मुरूम आन् खडीचे डंपर आमच्या गावातून जात. ७०१ किलोमीटरचा महामार्ग झाला, झकास झाला, नाही म्हणत नाही. पण त्याच्यापायी आजूबाजूच्या गावरस्त्यांची जी चाळण झाली, तिचा हिशेब कोणत्या बोर्डावर आहे? महामार्गाला टोल आहे, त्याला बांधायला जो रस्ता मेला त्याला काही नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

इथेच खरी मेख आहे. मुरूम-वाळूची रॉयल्टी महसूल खात्याकडे. टोल महामार्गाच्या कंपनीकडे. डिझेलचा सेस दिल्लीला. परमिटची फीसुद्धा आधी दिल्लीला, मग राज्याला. रस्ता जिल्हा परिषदेचा. तिच्याकडे खड्डे भरायला जे येतं त्यात रस्त्याची एक बाजू होते. आम्ही विनोदाने म्हणायचो, या वर्षी जाणारी बाजू, पुढच्या वर्षी येणारी.

ट्रकवाला एकूण पुरेसे भरतो का? माझ्या मते बऱ्यापैकी भरतो. पण जिथे फोडतो तिथे भरत नाही.

ऊसकरी

काकांना दंडवत. हे ग्रामसभेत वाचून दाखवू का?

निवृत्त_ओव्हरसियर

दाखवा. माझं नाव नका घेऊ, पेन्शन चालू आहे.

रूळावरचा

रेल्वेवाल्यांच्या वतीने दोन शब्द. १९५०-५१ च्या सुमारास देशातली बहुतेक मालवाहतूक रेल्वेने होत होती, आता तिचा वाटा तिशीच्या आसपास घोटाळतोय. रेल्वे रूळ स्वतः बांधते, स्वतः सांभाळते, आणि वर मालाच्या भाड्यातून प्रवाशांचं तिकीट स्वस्त ठेवते. ट्रकला रस्त्याचा खरा खर्च लागला नाही तर सिमेंट-कोळसासुद्धा रस्त्याने जाणार, जातोच आहे. जेएनपीटीपासून (न्हावाशेवा बंदर) दिल्लीजवळच्या दादरीपर्यंतचा मालवाहू कॉरिडॉर याच दुखण्यावरचा इलाज आहे, पण तुमच्या गोदामापर्यंत शेवटी ट्रकच लागतो. तेव्हा बारा_टायर यांनी घाबरू नये.

बारा_टायर

घाबरत नाही हो. जेएनपीटीच्या रांगेत उभं राहिलेला माणूस कशालाच घाबरत नाही.

कारकून_१९८४

मला हा सगळा धागाच सामान्य माणसाची दिशाभूल वाटतोय. ट्रकवर काहीही लावा, तो भाड्यात टाकणार, दुकानदार भावात टाकणार, शेवटी देणार मीच. मग वजनावर घ्या नाहीतर रंगावर घ्या, फरक काय?

साडेमाडेतीन

@कारकून_१९८४, फरक आहे. पैसे तुम्हीच देणार, हे कबूल. पण सहा ब्रास आणि चार ब्रास यांना सारखाच खर्च येत असेल तर सगळे सहाच भरणार. सहाला दुप्पट खर्च आला तर चार भरणारा टिकेल, आणि रस्ताही टिकेल. मग तुमच्याच खिशातून दर वर्षी रस्ता पुन्हा बांधायला लागणार नाही.

माझ्या मूळ प्रश्नातला 'ट्रकवाले' हा शब्द फार ऐसपैस होता असं आता वाटतंय. भांडण सहाचाकी आणि ओव्हरलोडशी आहे.

बारा_टायर, तुम्हाला थेट विचारतो. उद्या टोलनाक्यावर लेनमध्येच चालत्या गाडीचा अ‍ॅक्सलवार काटा झाला (काही नाक्यांवर बसवलेत म्हणे, त्यांचा उपयोग किती ते डांबरट सांगतील), आणि टोल त्या वजनावर घेतला, तर तुम्ही तयार आहात?

डांबरट

काटे आहेत. चालत्या गाडीचं वजन शंभर टक्के अचूक येत नाही, पण ३८ टन आणि २८ टन यातला फरक कळायला अचूकता लागत नाही. कळल्यावर पुढे काय करायचं, तिथे सगळं थांबतं.

बारा_टायर

तयार आहे. आजच लिहून देतो. पण तीन गोष्टी.

एक, काटा सगळ्यांना. माझ्या चार ब्रासचं वजन करून मागच्या सहा ब्रासवाल्याला एन्ट्रीवर सोडणार असाल तर मीच पुन्हा फाळके लावतो.

दोन, माल देणाऱ्यालाही चलान. बिल्टीवर त्याचं नाव आहे, शोधायला जायला नको.

तीन, रिकाम्या फेरीचं काय ते बोला. नागपूरला माल टाकला की परतीचं भाडं मिळेल याची खात्री नसते. रिकामी गाडी घेऊन यायची आणि प्रत्येक नाक्यावर टोल भरलेल्या गाडीचा. तुमच्याच चौथ्या घाताने सांगा, रिकाम्या दहाचाकीने किती रस्ता झिजतो?

डांबरट

पूर्ण भरलेल्याच्या तुलनेत नगण्य. दहा टन तीन अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागच्या जोडीवर सहाएक टन. सहा भागिले २१, त्याचा चौथा घात. मागच्या जोडीपुरता दीडशेव्या हिश्श्याच्या आसपास येतो.

बारा_टायर

मग परतीचा टोल दीडशेव्या हिश्श्याने घ्या. १,६३० चे अकरा रुपये होतात. सुट्टे मी आणतो.

नीलमोहर

फास्टॅगमध्ये सुट्टे कुठले दादा.